चतुर्भुज तारा

"सर, जरा हात असे पसरून उभे राहता का? त्या ताऱ्यासारखे?" वाहिनीचा कॅमेरावाला म्हणाला.

आणि आमच्या केंद्राचे संचालक डॉ. मनोहर टिपणीस, वय वर्षं एकसष्ट, खरंच हात पसरून उभे राहिले. मागे भिंतीएवढ्या पडद्यावर, संगणकाने कल्पिलेल्या चौकोनी खोक्यात, त्यांचा लाडका तारा जन्म घेत होता. मध्ये पांढरा गोळा, भोवती केशरी वायूची तबकडी आणि त्या तबकडीतून बाहेर निघालेले चार ठसठशीत हात.

"पण सर, तुमचे दोनच झाले," वार्ताहर मुलगी म्हणाली.

"म्हणून तर तो तारा आणि मी नुसता टिपणीस!"

सगळे हसले. मीही हसलो. संचालकांच्या विनोदाला हसणं माझ्या कामात धरलेलंच होतं.

"म्हणजे चतुर्भुज तारा म्हणायचं का सर?"

"म्हणा की. विष्णूला चार, ताऱ्याला चार. जन्माला येताना निसर्ग कुणाला काय देईल सांगता येत नाही."

सरांनी खिशातून कंगवा काढून केस सारखे केले आणि हेच वाक्य पुन्हा एकदा, या वेळी डावीकडून, म्हणून दाखवलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. तेवढ्यात मागून हळू आवाज आला.

"सर, एक विचारू? हे चारी हात खोक्याच्या भिंतींकडंच कसे काय जातात?"

फर्जाना मुल्ला. हातात तिची ती आलेखाच्या कागदांची वही. मी मान न वळवता म्हणालो, "शूटिंग चालू आहे, मुल्ला मॅडम."

"न्हाई, म्हणजे ताऱ्याला आपल्या खोक्याच्या दिशा कशा कळल्या, एवढंच."

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला, 'नाशिकच्या शास्त्रज्ञांनी तारा केला चतुर्भुज'. उपाहारगृहातल्या शेवंताबाईंनी मला चहा देताना विचारलं, "कुणाशी लागलं वो लगीन त्याचं?" त्या आठवड्यात केंद्रातल्या कुणी विचारलेला तेवढाच काय तो शहाणा प्रश्न, असं मी तेव्हा सगळ्यांना ऐकवत फिरलो. फर्जानाचा प्रश्न मी मोजलाच नव्हता.

आमचं केंद्र गंगापूर धरणाच्या रस्त्यावर होतं. बत्तीस माणसं, एक बाग, एक न चालणारं कारंजं आणि तळघरात एकमेकांना जोडलेले दोनशे संगणक. तिथे मी पाच वर्षं काढली. मी जर्मनीहून डॉक्टरेट करून आलो होतो आणि इथे कुणालाच काही येत नाही अशी माझी खात्री होती. टिपणीस माझ्या मते प्रसिद्धीला हपापलेले होते. पंधरा वर्षांत त्यांनी स्वतःच्या हाताने प्रोग्रॅमची एक ओळ लिहिली नव्हती. बाकीचे लोक पाट्या टाकत. राहिली फर्जाना. ती मिरजेची, कोल्हापूरला एम.सी.ए. केलेली, तात्पुरत्या नेमणुकीवरची प्रोग्रॅमर. बोलताना वाक्यावाक्याला 'की' लावायची. मी तिची नक्कल चांगली करायचो. चहाच्या टेबलावर फर्माईश व्हायची.

आमच्या प्रोग्रॅमचं नाव 'जाळं'. अवकाशाचा एक तुकडा घ्यायचा, त्याचं मोठं खोकं कल्पायचं, त्या खोक्याचे घनाकार तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात वायू किती आहे, कुठे चाललाय, किती तापलाय याचं गणित क्षणाक्षणाला मांडत जायचं. सगळीकडे बारीक तुकडे पाडले तर दोनशे काय, दोन लाख संगणकही पुरायचे नाहीत. म्हणून जिथे वायू शांत तिथे तुकडे मोठे. जिथे खळबळ दिसेल तिथे प्रोग्रॅम आपणहून एका तुकड्याचे आठ करतो, त्या आठांचे पुन्हा आठ आठ. शिंपी सरळ शिवणीला लांब टाके घालतो आणि काजाला बारीक, तसंच हे. तारा जन्मतो तिथे बारीक, बाकी भरड.

मोठा तुकडा बारीक तुकड्यांना भिडतो ती जागा सगळ्यात कटकटीची. बारीक बाजूने जेवढा वायू निघाला तेवढाच मोठ्या बाजूला पोचला पाहिजे, कणभर कमी नाही, कणभर जास्त नाही. ही शिवण लिहिण्यात कसलीच शोभा नसते, म्हणून ती फर्जानाकडे दिलेली होती. चार हातांवर छापून आलेल्या लेखावर पहिलं नाव टिपणीसांचं, दुसरं माझं, डॉ. श्रीरंग खांबेटे. फर्जानाचं नाव शेवटी आभारात, विद्युत विभागाच्या खाली.

शूटिंगनंतरच्या सोमवारी ती माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"सर, क्लस्टरवर दोन दिवस मिळतील का?"

कुणाचं काम क्लस्टरवर, म्हणजे तळघरातल्या दोनशे संगणकांवर, कधी लावायचं ते मी ठरवायचो.

"कशाला?"

"ढग तीस अंशांनी वळवून ठेवते. आपण तारा ज्या ढगातनं करतो, तो बटाट्यासारखा लांबट आहे की नाही? तो खोक्यात जरा फिरवून ठेवायचा. बाकी काही बदलायचं नाही. हात ढगाचे असतील तर तेही तीस अंश वळतील. आणि..."

"आणि?"

"नाही वळले, तर ते हात खोक्याचे. माझ्या शिवणीतनं आलेले."

"मुल्ला, तो लेख तीन परीक्षकांनी वाचलाय. तिघांनाही ताऱ्यांच्या जन्मावर बोलायचा अधिकार आहे."

"त्यांनी लेख वाचला की सर. प्रोग्रॅम कुठं वाचलाय?"

"तुम्हाला नेमकं काय वाटतं? टिपणीस सर चुकले?"

"सर कशाला चुकतील? चुकले असेन तर मी." ती अगदी सरळ म्हणाली. "अब्बा मिरजेला नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होते. टाकीतनं सोडलेलं पाणी आणि गल्लीत पोचलेलं पाणी जुळलं नाही तर ते आधी स्वतःचा व्हॉल्व्ह तपासायचे. मग पाइप. मग लोकांना चोर म्हणायचं."

मी तिच्या अर्जावर 'यथावकाश' असं लिहून तो सगळ्यात खाली ठेवला. तिला वाटाण्याच्या अक्षता मिळाल्याचं तिलाही कळलं असणार. त्या दिवशी चहाला मी 'पाइप, मग लोकांना चोर म्हणायचं की वो' हे नवीन वाक्य करून दाखवलं. चांगलं वठलं.

ती मात्र थांबली नाही. तिने ढग लहान केला, जाळं भरड केलं आणि स्वतःच्या टेबलावरच्या साध्या संगणकाला कामाला लावलं. चार दिवस तो घरघरत होता. शुक्रवारी दुपारी ती दोन कागद घेऊन आली. एकावर मूळ तारा, दुसऱ्यावर वळवलेल्या ढगाचा.

"खिडकीला धरा सर, एकावर एक."

मी धरले. बाहेर लख्ख ऊन होतं. ढगाचा लांबट आकार दोन कागदांवर वेगळ्या दिशांना होता आणि चार हात मात्र तिथल्या तिथे, तंतोतंत एकमेकांवर, खोक्याच्या चार भिंतींकडे बोट दाखवत.

मला जे दिसायचं ते दिसलं. असलं काही दिसायला मला वेळ लागत नाही, तेवढा मी हुशार होतो.

"भरड जाळ्यावर काहीही दिसतं," मी कागद परत देत म्हणालो. "याला काही अर्थ नाही."

"म्हणूनच क्लस्टर मागितला होता," ती म्हणाली आणि कागद टेबलावर ठेवून गेली.

ती गेल्यावर मी दार लावून घेतलं. तिची चाचणी मी स्वतः क्लस्टरवर लावली, पूर्ण बारीक जाळ्यासकट, माझ्या नावावर. मला तिला खोटं पाडायचं होतं. मंगळवारी सकाळी उत्तर आलं. ढग तीस अंश वळला होता. हात केसभरही हलले नव्हते. उलट जाळं बारीक केल्यावर ते जास्तच रेखीव आले होते.

मी ती फाईल पुसून टाकली.

विज्ञान दिनाचं व्याख्यान दोन दिवसांवर होतं. पुण्याहून, मुंबईहून, बंगळुरूहून पाहुणे येणार होते. विषय अर्थातच 'ताऱ्याचे चार हात'. बुधवारी टिपणीसांनी मला बोलावून पारदर्शिका दाखवल्या. "अरे श्रीरंग, हा रंग जरा भगवा वाटतो का रे? उगाच कुणी वेगळा अर्थ काढायला नको." मी म्हणालो, "थोडा पिवळा करा सर." हातच नाहीत हे मला माहीत होतं आणि मी हातांच्या रंगाचा सल्ला देत होतो. मनात म्हटलं, करू दे म्हाताऱ्याला हौस. हात दाखवून अवलक्षण तो करून घेईल, मला काय त्याचं?

गुरुवारी सभागृह भरलेलं होतं. टिपणीस रंगात आले होते. तारा जन्मला, हात फुटले, टाळ्या पडल्या. प्रश्नोत्तरांत दोन-तीन पाहुण्यांनी प्रश्नांच्या नावाखाली स्वतःचीच भाषणं केली. मग शेवटच्या रांगेत एक हात वर आला. हिरवी ओढणी, हातात वही.

"सर, ढग वळवून बघितला का?" फर्जानाने विचारलं. "म्हणजे ढग तीस अंशांनी फिरवला तर हातही तीस अंश फिरतात का? कारण आत्ता ते बरोबर खोक्याच्या भिंतींकडं जातात. मला भीती वाटते की ते जाळ्यामुळं आलेत. तो भाग मीच लिहिलाय."

सभागृहात कुजबुज झाली. पुढच्या रांगेतला एक पाहुणा शेजाऱ्याला म्हणाला, "ह्या कोण?" शेजारी म्हणाला, "संगणक विभाग." दोघं हसले. मग आणखी काही जण हसले. माझ्या रांगेतल्या एकाने मला कोपराने ढोसलं आणि हळूच म्हणाला, "की वो."

"हसू नका," टिपणीस म्हणाले.

ते रागावलेले नव्हते. त्यांनी हातातला पॉइंटर टेबलावर ठेवला आणि वळून पडद्यावरचे चारही हात पुन्हा एकदा नीट पाहिले. मग माझ्याकडे वळले.

"श्रीरंग, केलीस का रे ही चाचणी?"

मी उभा राहिलो.

"नसेल केली तर तसं सांग," ते म्हणाले. "त्यात लाज कसली? मी इथेच थांबतो. प्रश्न रास्त आहे. आधी चाचणी करू, मग हातांचं बोलू. पाहुणे समजून घेतील."

हे वाक्य माझ्या कधी ध्यानीमनीही नव्हतं. मी त्यांना पाच वर्षं ओळखत होतो, निदान तसं समजत होतो. अडचणीत आले की ते अंगावर येतील, नाहीतर विनोद करून वेळ मारून नेतील, एवढंच मी गृहीत धरलं होतं. हा माणूस भरल्या सभागृहात, कॅमेरा चालू असताना, आयुष्यातलं सगळ्यात गाजलेलं काम थांबवायला तयार होता. आणि ते माझ्या एका शब्दावर.

मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. 'केली, वळले नाहीत' असं खरं सांगण्याइतकाही धीर नको होता. नुसतं 'नाही' पुरलं असतं.

मी मागे पाहिलं. फर्जाना उभीच होती. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा मागमूस नव्हता. ती वही छातीशी धरून माझ्या उत्तराची वाट पाहत होती.

"केली सर," मी म्हणालो. "वळले."

"वळले?"

"हो सर. ढगाबरोबर वळले."

टिपणीसांनी सुस्कारा सोडला. "छान. मग शंका मिटली. फर्जाना, प्रश्न उत्तम होता."

"बरं सर," ती म्हणाली आणि बसली.

पुढे मी कित्येकांना सांगितलं की मी टिपणीसांना घाबरलो म्हणून खोटं बोललो. लोकांना ते लगेच पटतं. संचालक म्हटला की सगळ्यांना तो वाघच वाटतो. पण त्या दिवशी त्यांच्याकडून मला कसलीच भीती नव्हती. दार त्यांनी स्वतः उघडून धरलं होतं. मला फक्त एक गोष्ट जमेना. मिरजेच्या व्हॉल्व्हमनची मुलगी बरोबर आहे, आणि मला ते आधी दिसलं नाही, हे त्या सभागृहात, माझी नक्कल ऐकून हसणाऱ्या लोकांसमोर, माझ्या तोंडून निघेना. खरं तर तेवढं म्हणायचीही गरज नव्हती. तरी निघेना.

सोमवारी ती माझ्या खोलीत आली.

"सर, ती चाचणी बघायला मिळेल का?"

"पुसली. जागा किती कमी आहे ते तुम्हाला माहीत आहे."

"पण हात वळले ना?"

"मी सभागृहात सांगितलं ना?"

"वळले असतील तर चांगलंच झालं," ती म्हणाली. "माझ्या शिवणीत चूक आहे असं वाटून पंधरा दिवस मला जेवण गोड लागत नव्हतं." मग दाराशी जाऊन वळली. "माझ्या संगणकावर का नाही वळले, तेवढं कळायला पाहिजे. ते शोधते मी."

माझ्यावर तिचा विश्वास बसला होता, की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. बसला असेल तर ते जास्त वाईट.

मार्चमध्ये एक गंमत दिसायला लागली. निदान मला ती गंमत वाटली. टिपणीस रोज दुपारी फर्जानाच्या टेबलाशी प्लास्टिकची खुर्ची ओढून बसायला लागले. चष्मा कपाळावर, हातात पेन्सिल. ती सांगायची आणि ते एका बोटाने कळा दाबायचे. "सर, तिथं नाही, त्याच्या खालच्या ओळीत. हां. आता एंटर." एकदा त्यांनी चुकून तिची दिवसभराची फाईल उडवली आणि शाळकरी पोरासारखे कान पकडले. ती खळखळून हसली. चहाला आम्हाला हा मोठाच विषय झाला. मी म्हणालो, "निवृत्तीनंतर सायबर कॅफे काढायचा विचार दिसतोय." लोक हसले, पण आधीएवढे नाही. दोघे जण तर कप घेऊन दुसऱ्या टेबलावर गेले.

तिसऱ्या आठवड्यात टिपणीसांच्या नावाने क्लस्टरवर कामासाठी अर्ज आला. पंधरा वर्षांतला त्यांचा पहिला. संचालकांचा अर्ज अडवायचा अधिकार मला नव्हता. काय काम आहे ते बघायची मला हिंमत झाली नाही.

त्यानंतर चार दिवसांनी, दुपारी तीनच्या सुमाराला, त्यांनी मला बोलावलं.

ते टेबलामागे नव्हते. खिडकीशी उभे राहून त्या बंद कारंज्याकडे बघत होते. केस विस्कटलेले होते.

"बस श्रीरंग. एक विचारायचं होतं. तू ती चाचणी केली होतीस, ढग वळवायची."

"हो सर."

"हात वळले म्हणालास."

"हो सर."

"किती वळले रे?"

त्यांनी हे इतक्या साधेपणाने विचारलं की मला वाटलं, त्यांना खरंच माहीत नाही. आणि खोलवर कुठेतरी हेही कळत होतं की त्यांना माहीत आहे. तेही ते लपवत नव्हते. दार पुन्हा एकदा उघडून धरलं होतं. या वेळी सभागृह नव्हतं, कॅमेरा नव्हता, हसणारं कुणी नव्हतं.

"तीस," मी म्हणालो. "बरोब्बर तीस अंश."

त्यांनी मान हलवली. खुर्चीवर येऊन बसले, खणातून एक टंकलिखित कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला.

"हे आज संपादकांना पाठवायचंय. इंग्रजी तेवढं नजरेखालून घाल."

पत्र सहा ओळींचं होतं. 'आम्ही आमचा लेख मागे घेत आहोत. त्यात वर्णिलेले चार हात ताऱ्याचे नसून आमच्या गणनजाळ्याचे आहेत. ढग तीस अंशांनी वळवला असता ते वळत नाहीत. ही चाचणी लेख लिहिण्यापूर्वी करणं माझं कर्तव्य होतं, ते मी केलं नाही. चाचणी सुचवली आणि दोषही शोधून दुरुस्त केला तो श्रीमती फर्जाना मुल्ला यांनी. जबाबदारी सर्वस्वी माझी.' खाली सही, नेहमीसारखी मोठी, लफ्फेदार.

माझं नाव कुठेच नव्हतं. मी तीनदा वाचलं. काहीतरी बोलायला हवं होतं आणि ते काय हे मला चांगलं माहीत होतं. सर पेनाचं टोपण काढून वाट बघत बसले होते.

"चौथ्या ओळीत एक 'द' राहिलाय," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, कागद आपल्याकडे घेतला, चौथी ओळ शोधली आणि दोन शब्दांच्या मध्ये बारीक अक्षरात 'द' लिहिला. मग वर पाहिलं.

"आभारी आहे," ते म्हणाले. "या आता तुम्ही, खांबेटे."